सासुरवाडीतला साखर कारखाना

मराठीत सगळ्यांनी मिळून लिहायचा एक विश्वकोश इंटरनेटवर आहे. मी धाराशिवला नोकरी करतो आणि रिकाम्या वेळात तिथली उचलेगिरी पकडतो. दुसरीकडचा मजकूर कुणी जसाच्या तसा डकवला, की काढून टाकतो. बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते.

एकदा जळकोटकडच्या माझ्या सासुरवाडीचं पान उघडलं, तर त्या एवढ्याशा गावात साखर कारखाना! शिवाय हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ. कुणीतरी कारखान्याच्या ढोकी गावाचं अख्खं पान उचलून नुसतं गावाचं नाव बदललं होतं. हसत हसत मी सगळं पुसलं, वर खरमरीत सूचनाही लावली.

संध्याकाळी कळलं, ते मामांनी लिहिलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर अर्ज लिहिले ते नमुना बघून, नाव बदलून. हेही तसंच लिहिलं, आणि गावभर मोबाईल फिरवून दाखवलंही होतं. मामा माझ्याशी बोलेनासे झाले.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला न बोलावून सांगतात कुणाला! पुरणाचे धोंडे ताटात पडले आणि मामा माझ्याकडं न बघता मामींना म्हणाले, "पाव्हण्यांना इचार, पुरण आपल्याच घरचं हाय का, तपासायचंय का?"

मला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणालो, "मामा, ढोकीचं ढोकीला राहू द्या. तुम्ही आपल्या गावाचं लिहा की."

"आमच्या गावात काय हाय लिव्हण्यासारखं?"

आता ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला फार वाईट वाटलं.

मग मी विचारत गेलो. पायऱ्यांची जुनी बारव, लिंबाखालचा मेंढरांचा तळ, गावात विणली जाणारी घोंगडी. मामा आधी सांगत गेले, नंतर स्वतःच लिहू लागले. संदर्भ शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, पण पान उभं राहिलं.

परवा सकाळीच त्यांचा फोन. "पाव्हणं, शेजारच्या गावानं आपला मजकूर उचललाय! बारवेसकट!"

"लगेच काढतो, मामा."

"थांबा की जरा. काढा, न्हाय म्हनत न्हाय. पन दोन दिसांनी. आमच्या गावातबी चोरण्यासारखं कायतरी हाय, बघू द्या की लोकांना."

नियम मला तोंडपाठ आहेत. दोन दिवस मी ते पान उघडलंच नाही.