बोहनीच्या आधी गॅलरीत पाय ठेवायचा नाही

पौडला आमचं कापडाचं दुकान होतं आणि अब्बा त्या दुकानाचे राजे होते. शहरातून नमुन्यांच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांना ते असे ताटकळत ठेवत, की मला त्या माणसांची कीव येई. म्हणूनच पुण्यातल्या एका गॅलरीनं माझी चित्रं विकायला ठेवावीत असं मनानं घेतलं, तेव्हा अब्बांइतका जाणकार सल्लागार मला दुसरा मिळणार नव्हता. चित्रकलेच्या कोर्सला रंग कसे लावायचे ते शिकवलं होतं. गॅलरीवाल्याशी काय बोलायचं, यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मला ती गॅलरी हवीच होती. नाहीतर जन्मभर चित्रकलेच्या बाई होऊन शाळेतल्या पोरांकडून केळी आणि पेरूंची चित्रं काढून घेत बसायचं होतं.

अब्बांनी आधी मला रिकाम्या हातानं पाठवलं. त्याच्याकडे कसला माल खपतो, ते नुसतं बघून ये म्हणाले. मी बघून आले. मग त्यांनी माझ्या गठ्ठ्यातली निम्म्याहून जास्त चित्रं काढून टाकली, कारण सगळा माल एकदम पसरणाऱ्या विक्रेत्याचा त्यांना तिटकारा होता. हे सगळं शहाणपणाचंच होतं. घोळ झाला तो पुढे.

सकाळी गॅलरी उघडताना आम्ही एसटीनं हजर. मी दाराकडे निघाले, तर अब्बांनी दंड धरला.

"बोहनी हुंदे आदी," ते म्हणाले. "बोहनीच्या आदी इकणारा दारात आला की मालकाचं डोकं फिरतंया. माजं न्हाई का फिरत?"

आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. दोन कॉलेजची पोरं आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. एक बाई गाडीतून उतरल्या, तेव्हा अब्बा उठून उभे राहिले. पण त्या आत जाऊन फक्त पत्ता विचारून आल्या. दुपारी मालक जेवायला गेले, आम्हीही बांधून आणलेली भाकरी खाल्ली. मी चहावर चहा पीत राहिले. अब्बांना मात्र मालकांची काळजी वाटू लागली होती. ह्याची चूल कशी पेटत असेल, असं ते सारखं म्हणत होते.

शेवटी माझं डोकं फिरलं. चित्रं साड्यांसारखी खपत नाहीत, एखादं जायला महिना लागतो, असं मी फणकाऱ्यानं सांगितलं. अब्बांनी माझ्याकडे डोळे विस्फारून पाहिलं, उठले आणि तडक गॅलरीत शिरले. मी गठ्ठा सावरत मागे.

आत त्यांनी कोंबड्याचं एक छोटं छापील चित्र उचललं, कागद दोन बोटांत चोळून पाहिला, रंग उडणार नाही ना याची खात्री केली आणि विकत घेतलं. मालकांचा चेहरा खुलला.

"झाली बोहनी," अब्बा म्हणाले. "आता माज्या पोरीची चित्रं बगा."

खुललेला चेहरा पडला. पण गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणणार? त्यांनी गठ्ठा सोडला. आमच्या दुकानात लुगडी निवडणाऱ्या बायका मी काढल्या होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. चेहरे का नाहीत, असं त्यांनी मला विचारलं, पण उत्तर अब्बांनी दिलं. तोंडं काढली तर कुणाचं नाक मोठं झालं म्हणून गावात भांडणं होतील. मालक पोट धरून हसले. मग मात्र चित्रं पुन्हा पहिल्यापासून, सावकाश बघू लागले.

दोन ठेवून घेतो, विकली गेली तर पैसे, नाहीतर परत, असं ते म्हणाले. म्हणजे माल जाकड द्यायचा, आणि अब्बांनी सख्ख्या भावालाही कधी वीतभर कापड जाकड दिलं नव्हतं.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "ठेव," म्हणाले.

मला तिथंच रडू कोसळलं.

काही महिन्यांनी मी नवी चित्रं घेऊन गेले, तेव्हा मालकांनी मला बाजूला घेतलं. तुमचे वडील घाऊक खरेदीला आले की इथं येतात, म्हणाले. तुमच्या चित्रासमोर उभे राहतात, दुसरं कुणी आत आलं की मोठ्यानं किंमत विचारतात आणि वर लई स्वस्त हाय म्हणतात. लोकांना संशय यायला लागलाय, त्यांना जरा समजावा.

मी मान डोलावली. घरी येऊन अब्बांजवळ चकार शब्द काढला नाही.