ओरडायला ताकद लागते

बाई कोणाच्याही अंगणात गेल्या की आधी टेकायला जागा शोधायच्या. खुर्ची, पायरी, पालथी घातलेली बादली, काहीही चालायचं. गुडघा दाबत खाली बसायच्या, डोळे मिटून एक लांब श्वास सोडायच्या आणि समोर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे न बघता म्हणायच्या, "येऊ द्या त्याला. मला काई घाई नाई."

बाई, जरा दरडावा की त्याला, असं कोणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ओरडायला ताकद लागते बाबा. ती कुठून आणू?"

आदिलाबादला आमच्या गल्लीच्या टोकाशी त्यांचं घर. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा हैदराबादला नोकरीला, आणि घरात त्यांचे पती, ज्यांना सगळी गल्ली गुरुजी म्हणायची, अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं बाईंनाच करावं लागायचं. असं दमलेलं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला रोज बघतो आणि कशी आहे तब्येत, एवढंच विचारून पुढे जातो.

कुत्र्यांचं वेड त्यांना मुळात नव्हतं. मुलगा जाताना एक दांडगं कुत्रं मागे ठेवून गेला. ते फिरायला नेताना त्यांना ओढायचं. एकदा तर त्यांना नाल्याच्या कडेला पाडलं. मारायचं मन होईना आणि आवरायचं बळ नव्हतं. मग मोबाईलवर काहीबाही बघून त्यांनी एक रीत धरली. दोरी ताणली की जागच्या जागी उभं राहायचं, सैल पडली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. "मला तसंबी दर दहा पावलांवर थांबाच लागते," त्या म्हणायच्या. काही महिन्यांत ते कुत्रं त्यांच्या चालीने चालायला लागलं. ते म्हातारं होऊन गेलं, पण तोवर गल्लीतल्या लोकांना सवय लागली होती. कोणाचं कुत्रं चपला फाडतंय, कोणाचं पाहुण्यांच्या अंगावर जातंय, बाईंना बोलवा.

आम्हीही बोलावलं. माझे वडील भाजीबाजारात दुकान चालवायचे. जिनिंग मिलच्या आवारातलं एक अर्धवट वाढलेलं कुत्रं त्यांनीच घरी आणलं होतं. तिथला चौकीदार त्याला काठीने मारायचा, म्हणून वडिलांना दया आली. नाव ठेवलं वाघ्या. वाघ्या वडिलांच्या पायाशी झोपायचा, त्यांच्या हातूनच खायचा. काही वर्षं छान गेली. मग वडिलांना लकवा झाला. नागपूरच्या दवाखान्यातून परत आले ते हातात काठी घेऊन.

वाघ्याने काठी बघितली आणि त्याला माणूस दिसेनासा झाला. दात काढून तो अंगावर धावला. वडिलांचं धोतर फाटलं, ते दाराच्या चौकटीला धरून कसेबसे उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण वडील खोलीबाहेर येईनात. वाघ्याला मागच्या अंगणात बांधलं, तर तो दिवसभर रडायचा. बायको म्हणाली, तामसी गावाकडे माझ्या भावाच्या शेतात सोडून देऊ. वडिलांना विचारलं तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सोडा. त्यालाबी मी नको झालो."

बाई आल्या तेव्हा वडील चिडलेलेच होते. "जय भीम, काका," म्हणून बाई समोर बसल्या.

"आता या वयात कुत्र्याची शाळा शिकू काय मी?" वडील अडखळत म्हणाले.

"शाळा त्याची हाय. तुमी निस्ते बसा. मीबी बसते."

पहिले काही दिवस एवढंच झालं. वडील अंगणात खुर्चीवर, काठी लांब जमिनीवर आडवी, वाघ्या दोरीला बांधून पलीकडे, आणि बाई मध्ये पायरीवर. वाघ्याने काठीकडे बघितलं आणि गुरगुरला नाही, की बाई अंड्याचा तुकडा टाकायच्या. एक पाऊल पुढे आला की आणखी एक. गुरगुरला तर रागावायच्या नाहीत, त्याला थोडं मागे न्यायच्या. "दूर हाय तोवर त्याला आयकू येते," त्या म्हणाल्या. "जवळ गेला का भीतीच बोलते."

वाघ्या मिलमधल्या तेलुगू कामगारांत वाढलेला, त्यामुळे त्याला बसायची खूण तेलुगूत कळायची. बाई त्याला हळूच "कूर्चो" म्हणायच्या आणि तो लगेच बसायचा. वडिलांना हे माहीतच नव्हतं. "इतकी वर्षं माझ्या घरची भाकर खाऊन राह्यला, अन् बोलते तेलुगू," ते म्हणाले. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

एकदा शिकवता शिकवता बाईंचा डोळा लागला. मुठीत तुकडा, मान छातीवर. वाघ्या समोर बसून त्या मुठीकडे बघत राहिला. मी उठवायला निघालो, तर वडिलांनी हातानेच मला थांबवलं. बऱ्याच वेळाने बाई जाग्या झाल्या, इकडेतिकडे बघितलं आणि तुकडा वाघ्याला दिला. "थांबायचं शिकला आज," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

मग त्यांनी तुकडे वडिलांच्या हातात दिले, तेही अधू हातात. बोटं मिटत नव्हती, तुकडे भलतीकडेच पडायचे. वाघ्या ते शोधत शोधत काठीच्या जवळ यायचा. काठी आधी जमिनीवर, मग मांडीवर, मग हातात. असं हळूहळू चाललं होतं, आणि एका दुपारी दारावर आलेल्या भंगारवाल्याने भिऊन वाघ्याला सळईने हाणलं. संध्याकाळी वडिलांनी काठी उचलली मात्र, वाघ्या पुन्हा दात काढून उभा.

मी वैतागलो. बाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत त्यांचा आवाज ऐकला आणि मी उंबऱ्याशीच थबकलो. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "गिळा ना आता. किती येळ धरून बसू मी? माणूस हाय का कोण हाय मी?" ताटली आपटल्याचा आवाज झाला.

मी मागे फिरणार, तोच त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी ऐकलंय हे त्यांना कळलं. त्यांनी ते लपवलं नाही. पायरीवर बसल्या.

"तुमच्या वाघ्यापाशी तासभर बसते, तेवढा येळ मी बरी असते," त्या म्हणाल्या. "घरी आली का उरतच नाई काई. त्यायनं काय पाप केलं? त्यायलाबी गिळता येत नाई म्हणून गिळत नाई."

मी सळईचं सांगितलं.

"मंग पयल्यापासून," त्या म्हणाल्या. "काठी खाली ठेवा. उद्या येते." मग म्हणाल्या, "मी तुमच्याकडं येते तवा तुमी जरा त्यायच्यापाशी बसत जा. पेपर वाचून दाखवा. आयकू येते त्यायला."

त्यानंतर बाई आमच्या अंगणात आणि मी त्यांच्या खोलीत, असं चाललं. मी पेपर वाचायचो, गुरुजी डोळ्यांनी पुढची बातमी मागायचे. बाई परतायच्या तेव्हा आधी त्यांच्या कपाळावर हात ठेवायच्या, मग चूल पेटवायच्या.

थंडी पडायला लागली त्या सुमारास एका सकाळी वडील काठी टेकत फाटकापर्यंत गेले. वाघ्या त्यांच्या डाव्या बाजूने, दोरीशिवाय. वडील थांबले की तो थांबायचा. गल्लीतले लोक कौतुकाने बघत होते. बाई मात्र फक्त म्हणाल्या, "बास आज. दोघंबी दमले." वाघ्याला शेतात सोडायची गोष्ट पुन्हा घरात निघाली नाही.

गुरुजी उन्हाळ्यात गेले. मुलगा आला, दिवसकार्य झालं. आईला आता एकटं ठेवणार नाही म्हणाला. बाई नाही म्हणाल्या नाहीत. सामान म्हणून एक सुटकेस, दोन पिशव्या.

निघायच्या दिवशी गल्ली जमली. बाई पायरीवर बसल्या होत्या. मागल्या आळीतली एक शेजारीण पदराखाली कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. "घेऊन जा बाई, तिकडं करमन तुमाले," म्हणून तिने ते बाईंच्या मांडीवर ठेवलं. पिल्लू लगेच त्यांच्या पदराचं टोक चघळायला लागलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, घेतील.

"नको," त्या म्हणाल्या. "आता मला कोनाला काईच शिकवायचं नाई."

पिल्लाला उचलून त्यांनी त्या शेजारणीच्या हातात दिलं. त्याच्या दातात अडकलेला पदर ओढला नाही. एका बोटाने जबडा हळूच उघडून सोडवला. ते ओलं टोक तसंच खांद्यावर टाकलं आणि मुलाने उघडून धरलेल्या दारातून गाडीत बसल्या.