एका इंग्रजी गावाच्या मयतवहीची नक्कल

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात तीनशे वर्षांपूर्वी कोण कोण वारले, हे मला आज आमच्या गल्लीत कोण कोण राहते यापेक्षा चांगले ठाऊक आहे. शिंपी, मोची, गिरणीवाला, थंडीत गावाबाहेर सापडलेली एक बेवारस बाई. ही माणसे आमच्या घरात ह्यांनी आणली. 'हे' म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन दहा महिने झाले.

आमची मुलगी नोकरीसाठी दोन वर्षे तिकडे होती. तिच्याकडे गेलो असताना फिरत फिरत आम्ही तिच्या घराजवळच्या गावातल्या चर्चमध्ये शिरलो. आत एक वयस्क बाई टेबलाशी बसून जुन्या वह्यांचे फोटो काढत होत्या. गावात कोण जन्मले, कोणाचे लग्न झाले, कोणाला पुरले, हे पाद्रीसाहेब त्या वह्यांत लिहून ठेवत. बाईंना त्यावरून गावाचा इतिहास जुळवायचा होता, पण जुने अक्षर वाचणारी माणसे मिळत नव्हती. त्यांनी कौतुकाने एक पान दाखवले. हे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बघ," मला म्हणाले, "कारकुनानं घाईत कसं ओढत नेलंय. मोडीवालेबी असंच करायचे."

ह्यांची सगळी नोकरी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. मोडी वाचता यायची, निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचता यायचे. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितले, तशा बाई हसल्या आणि जुन्या अक्षरांचा एक तक्ता त्यांनी ह्यांच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून निवृत्त माणसाला पुन्हा नोकरी लागली.

इथे परत आल्यावर बाई मेलवर पानांचे फोटो पाठवत. हे ते मोठे करून वाचत आणि फुलस्केप कागदावर पेन्सिलीने उतरवत. पेन्सिलीचे ते कच्चे, आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचे ते पक्के. त्यांना टायपिंग जमत नव्हते आणि मला ते अक्षर वाचता येत नव्हते. मी शाळेत इंग्रजी शिकवले, पण त्या पानांपुढे मी अडाणीच. त्यांचा एकच नियम होता. नक्कल म्हणजे नक्कल. मूळ कागदात चूक असली तरी ती तशीच उतरवायची, सुधारायची नाही.

रेकॉर्ड रूममधले त्यांचे एक जुने सहकारी रविवारी चहाला येत. ते टेबलावरचे कागद बघून म्हणत, "साहेबराव, सायबाच्या गावातले मेलेले मोजताय व्हय? आपल्या बिडकीनला काय कमी मेले का?"

"आपले मेलेले भांडतात वारसासाठी," हे म्हणत. "हे बिचारे गप पडून असतात."

आधी बाप्तिस्म्याच्या वह्या झाल्या. त्या अलीकडच्या, छापील रकान्यांच्या होत्या. मग ह्यांच्या पोटात गाठ निघाली, आणि त्याच सुमाराला बाईंनी सगळ्यात जुनी वही पाठवायला सुरुवात केली. बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने एकाच वहीत. पण हिवाळ्यातली पाने दफनांनीच भरलेली, म्हणून हे तिला मयतवही म्हणत. मला वाटले, आता नको म्हणतील. पण औषधाची सलाईन घेऊन घरी आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उशीला टेकून पेन्सिल मागत.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "या औषधांनी कधी कधी गोंधळल्यासारखं होतं. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवले. तीस वर्षे वह्या तपासलेली बाई मी, लक्ष ठेवायला सांगितले की चुका शोधणारच. चष्मा डोळ्यांवर असताना त्यांनी चष्मा मागितला, तर ती चूक मी मनात टिपून ठेवी. आणि मग त्या कागदांत मला नको असलेली खूण सापडली. डिसेंबरच्या नोंदी संपून जानेवारी सुरू झाला तरी ह्यांनी साल बदललेले नव्हते. फेब्रुवारीतही मागचेच साल. मार्चच्या अखेरीला कुठे ते पुढे सरके. एकदा नाही, प्रत्येक हिवाळ्यात. एक मोची तर त्यांच्या हिशेबाने फेब्रुवारीत पुरला गेला आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात मांडीवर बाळ घेऊन बाप्तिस्म्याला हजर झाला.

मी त्यांना सरळ विचारले नाही. आडून विचारले.

"अहो, डिसेंबरनंतर साल बदलतं ना?"

"कुठलं साल?" ते म्हणाले. एवढ्यात त्यांना ढास लागली आणि मी पाणी आणायला उठले. साल कुठले, हेही ह्यांना आता कळेनासे झाले, असे मी धरून चालले.

त्यानंतर टाइप करताना मी जानेवारीपासून पुढचे साल घालू लागले. हे दुपारी डोळे मिटून पडलेले असत, शेजारी टेबलाशी मी. मोची नीट पुढच्या वर्षी मेला, की मला हायसे वाटे. सुधारलेली पाने मी त्यांच्या नावाने बाईंना पाठवत राहिले. कोणाला काही बोलले नाही. त्यांची बुद्धी जाते आहे, हे जगाला दिसू नये इतकेच मला कळत होते. पुढे ते पेन्सिल मागेनासे झाले. शेवटच्या आठवड्यांत त्यांनी घराबद्दल, मुलीबद्दल मला बरेच काही सांगितले. मी हो हो म्हणत होते, पण मनात प्रत्येक वाक्य तोलत होते. हे शुद्धीत बोलत आहेत की औषध बोलते आहे?

ते गेल्यावर पाच महिन्यांनी बाईंचे पत्र आले. पत्र फार हळुवार होते. त्यांनी लिहिले होते की यजमानांचे काम अतिशय चोख आहे, फक्त शेवटच्या पानांत जानेवारी ते मार्चचे साल वहीतल्यापेक्षा एकाने पुढे दिसते. त्या काळी इंग्लंडात नवे साल पंचवीस मार्चला लागायचे. आजच्या हिशेबाने ते पुढचे वर्ष खरेच आहे, पण नकलेत वहीतलेच ठेवायची आपली पद्धत आहे. त्यांनी मुद्दाम बदलले होते का?

मी ते पत्र कितीदा वाचले कोण जाणे. मोचीही बरोबर होता. ऑक्टोबरात बाळ घेऊन आला आणि त्याच साली, पुढे आलेल्या फेब्रुवारीत गेला. माझ्या घरातल्या भिंतीवर जे पंचांग टांगलेले आहे त्यात पौष, माघ, फाल्गुन जुन्याच शकात असतात आणि शक पाडव्याला बदलतो, हे मला काय माहीत नव्हते? ह्यांच्या रेकॉर्ड रूममधल्या कागदांवर महसुलाचे फसली साल असे, ते आणखी वेगळ्याच महिन्यात सुरू होई. त्यांनी जन्मभर तीन तऱ्हेची वर्षे शेजारी शेजारी ठेवून वाचली. मार्चात बदलणारे साल त्यांना सांगण्यासारखेही वाटले नसेल. 'कुठलं साल?' हा त्यांचा साधा, कामाचा प्रश्न होता. मी मात्र आयुष्यभर एक जानेवारीला फळ्यावर नवा आकडा लिहिणारी.

मुलीला फोन केला. आता ती पुण्यात असते. रडत रडत सगळे सांगितले.

ती म्हणाली, "आई, बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू वर्षं बदलतेस ते. मला फोनवर म्हणाले होते, तुझी आई माझी सालं दुरुस्त करतीय. मी झोपल्यासारखं करतो."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, करू दे. माझ्यातलं दुसरं काही तिला दुरुस्त करता येत नाही. बरं वाटलं की सांगतो तिला, लई हसंल." मग ती म्हणाली, "बरं वाटलंच नाही ना गं. आणि मला वाटलं, तुझ्या नंतर लक्षात आलं असेल."

त्या दिवशी मी जेवले. पुष्कळ दिवसांनी नीट जेवले. शेवटच्या आठवड्यांतली त्यांची वाक्ये एकेक करून आठवली आणि या वेळी तोलली नाहीत. जे बोलले होते ते त्यांनीच बोलले होते. तेवढे सगळे मला परत मिळाले.

बाईंना मी खरे ते लिहिले. वर्षे मी बदलली, यजमानांनी नाही. त्यांनी उत्तरात रागाचा शब्द काढला नाही. एवढेच विचारले की पेन्सिलीचे कागद जपून ठेवले आहेत का. ठेवले होते. त्यावरून एकेक जानेवारी, एकेक फेब्रुवारी मी जुन्या सालात परत नेला. तीन आठवडे लागले. शेवटच्या कागदांवर पेन्सिल थरथरली आहे, काही अक्षरे ओळीखाली घसरली आहेत. साल कुठेही चुकलेले नाही.

त्यांचा शेवटचा कागद अर्ध्यावर थांबतो. वहीचे पान मात्र पुढे चालू आहे, आणि बाईंनी ते दुसऱ्या कोणाला दिलेले नाही. अक्षरांचा तक्ता आता मी घेऊन बसते. एका ओळीला एक सकाळ जाते. कारकुनांचा, पाद्र्यांचा, त्या बाईंचा, सगळ्यांचाच मला आधार वाटतो. काल पहिली नोंद कोणाच्या मदतीशिवाय लागली. म्हातारा विणकर, मार्चची चोवीस तारीख. पेन्सिल घेतली आणि साल जुनेच लिहिले.