चाचण्यांचा क्रम बदलला तेव्हा

लातूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. ते नीट चालतं का, हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्या मी लिहितो. दोन वर्षं त्या रोज पास व्हायच्या. मग मुखेडची एक मुलगी नव्याने कामाला लागली आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या चार चाचण्या नापास झाल्या.

माझा संशय सरळ तिच्यावर गेला. मी तिच्या स्क्रीनकडे चोरून बघायचो. ती जेवायला उठली की तिने कोणत्या फाइली बदलल्या ते शोधायचो. सापडलं एवढंच, की तिने चाचण्या चालवायचा क्रम बदलला होता. मी साहेबांसमोरच तिला विचारलं, "माझ्या कामात हात का घातला?"

ती घाबरली नाही. म्हणाली, "सर, तुमच्या फाइलला म्या हात बी लावला न्हाई. पेशंटचा फोन नंबर बदलायची तुमची चाचणी हाय ना, ती एकटीच चालवून बघा."

मी चालवली. नापास. ज्याचा नंबर बदलायचा त्या पेशंटची नोंद आधी चालणारी दुसरी एक चाचणी करून ठेवायची. नव्या क्रमात ती दुसरी चाचणी नंतर चालायची आणि आता तर चाललीच नव्हती, त्यामुळे पेशंटच नव्हता.

मान खाली घालून मी तिथेच तिची माफी मागितली. नंतर आम्ही दोघांनी बसून प्रत्येक चाचणीला स्वतःचा पेशंट दिला. काम झालं की त्या चाचणीनेच तो पुसायचा.

आता सगळ्या चाचण्या पास झाल्या की मलाच शंका येते. मी क्रम उलटा करून त्या पुन्हा चालवतो.