पवनारची वाट आणि फ्रान्सचे न्यायाधीश

वकिली सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. पवनारची एक म्हातारी माझी पक्षकार होती. शेजाऱ्यानं काट्याचं कुंपण घालून तिच्या शेताची वाट अडवली होती. त्याच सुमारास तिथल्या आश्रमात फ्रान्सहून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. त्यांना आमचं कोर्ट पाहायचं होतं, आणि वर्ध्याच्या दिवाणी कोर्टात ते नेमके माझ्याच तारखेला येऊन बसले. आश्रमातले एक भाऊ त्यांना सगळं इंग्रजीत कुजबुजून सांगत होते.

मला चेव चढला. म्हातारीला विचारलं, "सदर वाटेची वहिवाट आपण अखंडित व उघडपणे करत आलात काय?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काय म्हणून राह्यले, बाबू?"

मी प्रश्न सोपा केला, तर समोरचे वकील ताडकन उठले. म्हणे मी साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालतोय! शेवटी आमच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला. "बाई, या वाटेनं कधीपासून जाता?"

"माही वरात याच वाटेनं आलती, साहेब. आता नातवाचं लगन हाये."

सगळे हसले. मग मी कलकत्ता हायकोर्टाचा एक जुना निवाडा वाचला, समोरच्यांनी मद्रासचा.

दुपारी चहा पिताना पाहुणे म्हणाले, "आमच्याकडे साक्षीदाराला न्यायाधीशच विचारतो. तुमचे साहेब तासभर गप्प का?"

"इथं वकील भांडतात, साहेब ऐकतात."

"आणि कलकत्त्याच्या निकालाचा पवनारच्या वाटेशी काय संबंध? आम्ही संहितेतलं कलम पाहतो."

"कलम आमच्याकडेही आहे की! वीस वर्षांची वहिवाट हवी, असं छापलेलंच आहे. पण 'अखंडित' म्हणजे काय, ते जुन्या निकालांत शोधावं लागतं."

"त्यासाठी एवढी जाड पुस्तकं?"

शेजारी बसलेले माझे सीनियर म्हणाले, "बारीक पुस्तक नेलं तर पक्षकाराले वकील कच्चा वाटते." मी भाषांतर केलं आणि पाहुण्यांचा चहा सांडला.

पुढे निकाल आमच्या बाजूनं लागला, कुंपण निघालं. पाहुणे तोवर मायदेशी परतले होते, म्हणून पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: आता शेजारच्या गावातली एखादी म्हातारीही या निकालावर जिंकेल का?

मला लिहावं लागलं, की आमच्या हायकोर्टाचा निकाल आम्हाला बांधतो. वर्ध्याच्या दिवाणी न्यायाधीशाचा पुढच्या दाव्यात कुणालाच बांधत नाही. लिहिताना जरा वाईटच वाटलं. मी जिंकलेला पहिलाच दावा होता तो.