इचारत न्हाय, सांगतो

"फोन लाव दाजीस्नी… लाव लवकर," आक्का म्हणाली आन् मशीनवरच्या साडीवरचा तिचा हात सुटला. साडी माझीच, फॉल लावायला दिलेली. माझी पोरगी कमरेवर, एका हातानं तिला धरलीया, एका हातानं फोन लावतेय, आन् आक्काचं तोंड असं पांढरं पडलेलं की मला बघवंना. पोलकं घामानं भिजलेलं. डावा हात चोळतीया, चोळतीया, म्हणतीया छातीवर कुणीतर पाटा ठेवलाय गं. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, उचगावच्या आमच्या गल्लीत पुरुष माणूस एक न्हाय, सगळी कामावर. दाजी म्हंजे आक्काचे मालक, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. रिंग जातीया, जातीया, कुणी उचलना. शेवटी उचलला. मी रडतच सांगितलं. मागं मशिनींचा दणका, दाजी वरडून बोलत हुते, "हलवू नका तिला. मी येतोय. मी आल्याबिगर कुठं न्यायचं न्हाय, कळलं काय? पास्टरांना सांगतो, तवर प्रार्थना करा." आन् फोन कट. आता उचगाव ते शिरोली लांब न्हाय, पण मधी हायवे हाय, गाड्या तुंबलेल्या असत्यात… मी फोनकडं बघतेय, आक्का माझ्याकडं बघतीया. "काय म्हणाले?" "थांबा म्हणाले." आक्कानं डोळं मिटलं. मला वाटलं प्रार्थना कराय लागली.

आक्का गेली त्याला महिना हुत आला. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहित्यात ते मी वाचते, म्हणून मी पण लिहाय बसलेय. मी नववीपातूर शिकलेली, चुकलंमाकलं तर पदरात घ्या. नाव कुणाचं घालत न्हाय. का घालत न्हाय ते तुमास्नी शेवटपातूर वाचल्यावर कळंल.

आक्का माझी सख्खी कोण न्हवं. मी लगीन हून उचगावात आले तवा मला रोज रडू यायचं. माझं माहेर नेसरीकडं. तिकडं मोठ्या बहिणीला आक्काच म्हणत्यात, आन् हिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. पुढच्या खोलीत मशीन टाकून फॉल-पिको करायची. मी पहिल्यांदा साडी घिऊन गेलते तर माझं दोन शब्द ऐकून म्हणाली, "नेसरीकडची व्हय गं तू? मग बस की पावणी, च्या टाकतो." तीबी आमच्याच बाजूची निघाली. त्या दिवसापासनं मी तिच्या मशीनच्या बाजूला, खाली, चटईवर. माझी पोरगी बी तिथंच रांगाय शिकली, चिंध्यांत.

आमचे हे तवा लई प्यायचे. दाजींनीच त्यास्नी कामाला लावलं, दाजींनीच प्रार्थनेच्या सभेला नेलं. दाजी आमच्या चर्चच्या मंडळीतले वडील म्हंजे पास्टरांच्या खालोखाल. खोटं कशाला बोलू, सभेला जाय लागल्यापासनं ह्यांची दारू सुटली, माझ्यावर उठणारा हात बी थांबला. म्हणून मी देवाचं उपकारच मानते. पण एका रविवारी पास्टरांनी शिकवलं की नवरा म्हंजे बायकोचं मस्तक. धडानं मस्तकाला इचारल्याबिगर हलायचं न्हाय. बाईनं मंडळीत शिकवायचं न्हाय, काय इचारायचं असंल तर घरी नवऱ्याला इचारायचं. हे मान डोलवत हुते. घरी आल्यावर म्हणाले, "ऐकलंस न्हवं? आता दुकानाला जायचं तरी इचारून जायचं." दुसऱ्या दिवशी मी आक्काला म्हणाले, आता काय करायचं. आक्का सुईत दोरा ओवत हुती, वर बघितलं न्हाय, म्हणाली, "मस्तक त्येंचं, आन् रोज डोस्कं आपलं दुखतंय. हे कसं काय गं?" मी एवढी हसले की पोरगी दचकून उठली.

बाईनं शिकवायचं न्हाय, पण साक्ष द्यायला मुभा हुती. साक्ष म्हंजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते उभं ऱ्हाऊन सांगायचं, कुणाचा ताप उतरला, कुणाला काम लागलं, असलं. आक्कानं त्यातच वाट काढली. साक्ष साक्ष म्हणत शिकवायची आन् शेवटी म्हणायची, "ही साक्ष हाय बरं का, शिकवण न्हवं." पास्टर नवीन आलते तवाची गंमत सांगते. ते पुण्याकडचे. आक्का उभी ऱ्हायली, पदर डोक्यावर घिऊन खाली वढला आन् म्हणाली, "मी साक्ष सांगतो." पास्टर मधीच म्हणाले, "सांगते म्हणा, आक्का. तुम्ही स्त्री आहात." आता आमच्या कोल्लापुरात बाया बी जातो, येतो, सांगतोच म्हणत्यात, हे त्येंला काय ठावं. आक्का म्हणाली, "पास्टर, देवाला आमची भाषा कळतीया. तुमास्नी बी कळंल हळूहळू." बाया पदरात तोंड घालून हसल्या. पण घरी आल्यावर हे म्हणाले, तू आजपासनं जाते-येते म्हणायचं, बाईनं बाईसारखं बोलायचं. तवापासनं मी सांभाळून बोलते. इथं पण बघा, तसंच लिहितेय.

एकदा ईस्टरच्या रविवारी आक्का साक्ष द्यायला उठली. म्हणाली, प्रभू उठला तवा थडग्यापाशी पहिल्यांदा कोण गेलं? बाया गेल्या. देवदूतानं त्यास्नी सांगितलं, जावा आन् सांगा. त्या पळत गेल्या, सांगितलं, तर शिष्य म्हणाले ह्या काय बी बरळत्यात. "आता त्या बाया म्हणाल्या असत्या की थांबा, आदी घरी जाऊन मालकास्नी इचारतो, मग सांगतो… तर ईस्टर सोमवारी झाला असता का न्हाय?" सगळी हसली, दाजी बी हसले, मी बघितलं. पास्टर हसले न्हाईत. "आक्का, साक्ष आटपा." "आटपली की. शिकवायला तुमी हाईसाच." त्याच्या पुढच्या रविवारी नेम निघाला, बायांनी साक्ष द्यायची ती आदी घरी नवऱ्याला सांगून, त्यानं व्हय म्हटलं तरच.

मी आक्काला इचारलं, तुमास्नी भ्या वाटत न्हाय? मला वाटलं म्हणंल, कशाचं भ्या. तर मशीन थांबवून म्हणाली, "वाटतंय की. पाय लटपट लटपट कापत्यात. म्हणून तर पदर धरतो घट्ट. पदर न्हवं गं तो, माझी काठी हाय." तवा मला कळलं की उठल्यावर ती पदर खाली का वढायची. आन् असं न्हाय की ती दाजींचं ऐकत न्हवती. डबा, धुणं, पावणंरावळं, सगळं त्येंच्या मनासारखं. दाजींचा जीव हुता तिच्यावर. बाजारातनं येताना न चुकता शेंगा आणायचे, ती मशीनवर बसल्या बसल्या खायची आन् टरफलं माझ्या पोरगीच्या डोस्क्यावर टाकायची. "मी त्येंचं ऐकतो," म्हणायची, "आन् त्येंनी बी कधीतर माझं ऐकावं म्हणून वाट बघतो."

तर त्या दुपारी. आक्कानं डोळं मिटलं. मी प्रार्थना कराय लागले, नुसतं प्रभू प्रभू. आक्का मधीच म्हणाली, "रिक्षा बोलव." मी म्हणाले, आक्का, दाजी म्हणालेत… तिनं डोळं उघडलं. तसलं डोळं मी तिचं कधी बघितलं न्हवतं. "मी जातो दवाखान्यात. तू सांग त्यास्नी. आक्का इचारत न्हाय म्हणावं, सांगतो म्हणाली." मी पोरगी घिऊन तशीच अनवाणी गल्लीच्या तोंडाला पळाले, रिक्षा आणली. मला वाटलं रिक्षावाल्याला धरून उचलावं लागंल. तर आक्का उठून दारात उभी. भिताडाला धरून, पायात चपला घातलेल्या. स्वतःच्या पायानं रिक्षात बसली. पदर खाली पडलेला, मी डोक्यावर घालाय लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गुदमरतंय." रिक्षात तिनं माझा हात धरलेला. हायवेच्या पुलाखाली गाड्या अडकलेल्या, रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, पोरगी रडतीया… आन् तिथंच तो हात सैल पडला. मी हाका मारत ऱ्हायले. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आन् एवढंच म्हणाले, लवकर आणायचं होतं.

दाजी धावत आले, अंगावर फौंड्रीची काळी माती तशीच. मला म्हणाले, "बेशुद्ध पडल्यावरच आणलंसा न्हवं?" मी तोंड उघडायच्या आत मागनं आलेली गल्लीतली एक बाई म्हणाली, "व्हय हो दाजी, शुद्धच न्हवती." त्येंला धीर द्यायला म्हणाली ती. तिनं काय बघितलेलंच न्हवतं. दाजी खाली बसले आन् मोठ्यानं रडले. त्या टायमाला मी काय सांगणार हुते?

पण ते तिथंच ऱ्हायलं न्हाय. मातीला पास्टर म्हणाले, ही बहीण शेवटच्या श्वासापर्यंत पतीच्या शब्दाबाहेर गेली नाही, थांबली. आता दर रविवारी तेच. आक्का थांबल्या. आक्कासारखं थांबाय शिका. आन् मागच्या आठवड्यात माझी पोरगी तापानं फणफणली. डोळं वर फिरवाय लागली. मी ह्यास्नी फोन केला, डॉक्टरकडं नेते म्हणाले. हे म्हणाले, "थांब. मी येतो, मग बघू. आक्का थांबल्याच की." मी दारात उभी, पोरगी खांद्यावर, अंग नुसतं तवा झालेलं. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, एक आत. हे येईपातूर तिचा ताप आपोआप उतरला. हे म्हणाले, बघितलंस? थांबलीस, देवानं ऐकलं. त्या दिवसापासनं मला जेवण जात न्हाय. पुढच्या बारीला न्हाय उतरला तर?

परवा रविवारी आक्काची स्मरण सभा हाय. पास्टरांनी सांगितलंय, शेवटच्या घटकेला जवळ हुती तिनं साक्ष द्यायची. म्हंजे मी. हे मला म्हणाले, "काय बोलणार हाईस ते आदी मला म्हणून दाखव." मी म्हणाले, आक्का लई मायाळू हुती. "आन् थांबली ते?" मी तव्यावरची भाकरी उलटली. "तेच तर सांगायचं हाय, खुळे. दाजींनी मला कामाला लावलंय, इसरू नको." मी खरं सांगितलं तर सगळ्यात आदी हेच कळणार की आक्का शुद्धीत असताना दाजींचा शब्द मोडून रिक्षा मी आणली. मग ह्यांचं काम ऱ्हाईल? दारू परत चालू झाली तर? मला माहेरी धाडलं आन् पोरगी ठिवून घेतली तर?

काल मी साडी आणायला गेलते. मशीन खिडकीपाशी तसंच, साडी तशीच, फॉल अर्धा लावलेला, सुई अजून कापडात रुतलेली. दाजींनी त्याला हातच लावला न्हाय. मला त्येंनी स्वतः च्या करून दिला, नुसता साखरेचा पाक. मग मशीनकडं बघत म्हणाले, "माझीच वाट बघत हुती न्हवं गं ती?" पोरगी पुढं झाली आन् ताटलीतल्या शेंगा उचलाय लागली. अजून आणत्यात ते शेंगा. मी चाक फिरवून सुई वर केली, दोरा तोडला, साडी घिऊन आले. आक्कानं माझ्याकडं एकच निरोप दिलेला, आन् तो मी त्येंच्या तोंडावर बी देऊ शकले न्हाय.

आता ती साडी माझ्या मांडीवर हाय. परवा हीच नेसायची. उरलेला फॉल मी लावणार न्हाय, लोंबू दे, पायात येऊ दे. मगाशी स्वयपाकखोलीत कुणी नसताना मी पदर डोक्यावर घेतला, आक्कासारखा खाली वढला, आन् बोलून बघितलं. मी साक्ष सांगते… मी साक्ष सांगते… पाय कापाय लागलं, पुढचं काय सुचंना, आन् तोंडातनं निघालं, मी साक्ष सांगतो. पोरगी फरशीवर बसून हसाय लागली. तिला काय कळतंय. मी पदर काढला न्हाय, तसाच धरून बसलेय, हे यायची येळ झाली.

तुमी बाया असाल, पुरुष असाल, कुठल्या बी देवाचं असाल… समजा परवाची सभा हाय, पुढं दाजी बसल्यात, शेजारी हे, माझी पोरगी कमरेवर, आन् सगळी वाट बघत्यात की मी म्हणंन आक्का थांबली. माझ्या जागी तुमी उभं असता तर काय बोलला असता?