धोंडाबाईच्या सुतळ्या

धोंडाबाई भित्री आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली वाडीवर येणारे लोक तिला वाघीण वगैरे म्हणायला लागले आहेत. वाघीण कसली! एसटीत कंडक्टरला भिते, दवाखान्यात सुईला भिते. मी तिला तीस वर्षं ओळखतो. या भागात ग्रामसेवक होतो मी, आता निवृत्त आहे, आणि भित्रेपणात तिच्या दोन पावलं पुढेच आहे.

परंदवडीच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर अकरा घरांची ठाकरवाडी आहे. धोंडाबाई तिथली सुईण. तिच्या आईपासूनची एक रीत होती. प्रत्येक बाईची एक सुतळी, टोकाला त्या बाईच्या लुगड्याची चिंधी. बाळंतपण झालं की एक गाठ. मूल गेलं तर गाठीवर गाठ. आणि मूल होणं कायमचं थांबलं की शेवटी हळकुंड बांधून सुतळी आढ्याला टांगायची. "सुटली बया," म्हणायची. पोरांना शाळेत घालायला जन्माचा दाखला लागला की वाडी माझ्याकडे यायची आणि मी धोंडाबाईकडे जायचो. कोणती गाठ कोणत्या पावसाळ्यातली, हे ती बोट ठेवून सांगायची आणि मी सरकारी रजिस्टरात जन्म लिहायचो. नियमात ते बसत नव्हतं, म्हणून मी ते कधी कुणाजवळ बोललो नाही.

पाच वर्षांपूर्वी वाडीच्या खाली पत्र्याचं उंच कुंपण उभं राहिलं. एका शेठने तिथे कुत्र्यामांजरांची पैदास सुरू केली. खाली पन्नास पिंजरे, वरच्या खोलीत लांब केसांची मांजरं. लोणावळ्याला सुट्टीला जाणारे लोक गाडी थांबवायचे आणि पुढच्या काचेच्या खोलीतून आंघोळ घातलेलं पिल्लू घेऊन जायचे. मागे काय आहे ते कुणी विचारलं नाही. शेठ बोलायला गोड. वाडीला त्याने आपल्या बोअरचं पाणी दिलं, अकरा घरांत मिळून एक नळ. नळाची चावी मात्र कुंपणाच्या आत.

धोंडाबाई पिंजरे धुवायला लागली आणि सुईण म्हटल्यावर कुत्र्यांची बाळंतपणंही तिच्याच गळ्यात पडली. राणी नावाची एक तांबूस कुत्री होती. ती व्याली तेव्हा धोंडाबाई तिथल्या मॅनेजरला म्हणाली, "हिला सवा म्हैना तरी निजू द्या." तो पोट धरून हसला. पिल्लं महिन्याची झाली की उचलायची आणि कुत्री माजावर आली की पुन्हा नर सोडायचा, हा तिथला शिरस्ता. भांडण्याएवढी धोंडाबाईची छातीच नव्हती. घरी येऊन तिने नवी सुतळी घेतली, टोकाला राणीच्या केसांचा पुंजका बांधला आणि गाठ मारली. हळूहळू अशा बावीस सुतळ्या झाल्या.

राणी पाचव्यांदा गाभण राहिली आणि तिचं अंग बाहेर यायला लागलं, तेव्हा मात्र धोंडाबाई घाबरून तळेगावला जनावरांच्या डॉक्टर चैताली यांच्याकडे गेली. "ह्या येताला ती मरंल," एवढंच म्हणाली. चैतालीताई वर्षभर एकाच गोष्टीसाठी भांडत होत्या. पैदास करणाऱ्याची सक्तीने नोंदणी करा, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेऊ देऊ नका, आणि सरकारचा माणूस पाठवून हे तपासा. कायदा कागदावर आहे, पण कागद काही पिंजरा उघडून बघत नाही, असं त्या म्हणायच्या. वडगावला पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांपुढे त्यावर बैठक ठरली होती. आतलं पाहिलेलं एक माणूस त्यांना हवं होतं. धोंडाबाईने मान डोलावली आणि त्याच क्षणापासून तिचं जेवण तुटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेठची पांढरी गाडी वाडीत आली. मी तिथेच होतो. शेठ उतरला नाही, काच खाली केली.

"मावशी, पाणी नीट येतंय ना?"

"व्हय," धोंडाबाई म्हणाली.

"मग झालं," म्हणून तो हसला आणि गाडी वळवून गेला. धोंडाबाईने घरात जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या बाया दारात आल्या. सावित्राबाईच्या कडेवर नात होती. ती म्हणाली, "कुत्रीपायी आमच्या पोरांचं पानी तोडशील व्हय?"

बैठकीच्या दिवशी तिला घेऊन मी वडगावला गेलो. रिक्षात ती माझा दंड धरून बसली होती. "भाऊ, लय भ्या वाटतंय. आपून माघारी जाऊ." मलाही तेच हवं होतं, पण तेवढ्यात रिक्षा पोहोचली.

शेठ पहिल्या रांगेत, मांडीवर पिल्लू घेऊन. त्याने रजिस्टर मांडलं. प्रत्येक कुत्रीचं वर्षाला एक वेत, सुवाच्य अक्षरात. मग धोंडाबाई उठली. तिने सुतळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"ही राणी," तांबूस पुंजक्याची सुतळी उचलून ती म्हणाली. "दोन वर्सांत चार येळा व्याली. हितं सहा पिल्लं मेली. आता पाचवं हाय पोटात."

शेठ हसला. "साहेब, सुतळीला गाठी कोणीही मारेल. हा काय पुरावा झाला?"

साहेबांनी हातात घेतलेली सुतळी खाली ठेवली. धोंडाबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. पेन्शन, चौकशी, म्हातारपणी कोर्टाच्या फेऱ्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी मी उठलो.

"साहेब, मी या वाडीचा ग्रामसेवक होतो. तिथल्या एकतीस मुलांचे जन्म मी हिच्या सुतळ्यांवरून सरकारी रजिस्टरात लिहिलेत. त्यातली दोघं आज पोलिसात आहेत. या गाठी खोट्या असतील तर माझं रजिस्टरही खोटं आहे."

साहेबांनी बावीस सुतळ्या फायलीत घातल्या, ड्रायव्हरला हाक मारली आणि शेठला म्हणाले, "चला, आत्ताच बघू."

त्याच दुपारी नळ बंद झाला.

आज तेरा दिवस झाले. बाया खालच्या विहिरीवरून हंडे आणतात. धोंडाबाई सगळ्यांच्या मागून जाते, कारण तिच्याशी कुणी बोलत नाही. टँकरचा अर्ज मी केला आहे. त्या जन्मनोंदींचा खुलासा मागणारी नोटीस मलाही आली आहे. साहेबांनी पिंजऱ्यांचा पंचनामा केला, पण त्या कुंपणाचं पुढे काय होणार, ठाऊक नाही. राणीला मात्र चैतालीताईंनी त्याच दिवशी उचलून नेलं. ऑपरेशन करून तीन पिल्लं जिवंत काढली आणि तिची गर्भपिशवीच काढून टाकली.

हे सांगायला गेलो तर धोंडाबाई दार लावून बसली होती. रस्त्यावर गाडी वाजली की अजून दार लावून घेते. ऐकून ती रडली. मग डब्यातून एक हळकुंड काढून माझ्या हातात दिलं.

"भाऊ, तिची दोरी सायबाकडंच राह्यली. एवढं बांधून या."

खुलासा द्यायला काल वडगावला गेलो, तेव्हा आधी ती फाईल मागितली. क्लार्कसमोर राणीच्या सुतळीला हळकुंड बांधलं. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"याची नोंद काय करू?" क्लार्कने विचारलं.

"सुटली, म्हणून लिहा," मी म्हणालो.